विकत घेतलेली चूक

धनादेशावर लाभार्थीचे नाव चुकले, तर तो धनादेश परत येतो. पाकिटावरचा पत्ता अपुरा असला, तर पोस्टमन चार दारी चौकशी करतो आणि नाइलाज झाला तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत करतो. इंटरनेटवर चुकलेल्या नावाला असा कोणी वाली नाही. संकेतस्थळाचा पत्ता टंकित करताना एखादे अक्षर गळाले, जास्तीचे पडले किंवा शेजारच्या कळीवर बोट गेले, तर संगणक त्या चुकलेल्या नावालाच खरे मानतो. तेथे कोणी आधीच ठाण मांडून बसले असेल, तर ग्राहक थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

अशा चुकांची वाट पाहत बसणारा एक धंदा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर उभा राहिला आहे. नामांकित कंपनीच्या, बँकेच्या किंवा वृत्तपत्राच्या नावातील एखादे अक्षर बदलून होणारे डोमेन नाव कोणी घेतलेले नसेल, तर ते साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षभरासाठी मिळते. इंग्रजीत या प्रकाराला टायपोस्क्वॉटिंग म्हणतात. मराठीत त्याला स्वतंत्र शब्द अजून रुळलेला नाही, आणि न रुळला तरी मराठीचे फारसे नुकसान होणार नाही. नाव घेणारा तेथे जाहिरातींचे एक पान लावून ठेवतो. वाट चुकलेला माणूस एखाद्या जाहिरातीवर टिचकी मारतो आणि त्या टिचकीमागे नावधारकाला काही पैसे मिळतात. दुसरा मार्ग, ग्राहकाला आडवाटेने मूळ कंपनीच्याच संकेतस्थळावर नेऊन तिच्याकडूनच दलाली उकळण्याचा. तिसरा, ते नाव मूळ कंपनीला चढ्या भावाने विकण्याचा. चौथा मार्ग उघडपणे कोणी सांगत नाही. तो आहे बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान तयार करून खातेदाराचा परवलीचा शब्द काढून घेण्याचा.

पहिले तीन मार्ग तरुणांना कमी भांडवलाची गुंतवणूक म्हणून सुचवले जातात. सोबत तीन आश्वासनेही दिली जातात. भारतात याविषयी कायदाच नाही, नावे पहिल्या येणाऱ्याला मिळतात, आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीनेच नाव विकले असल्यामुळे त्यात बेकायदा काही असूच शकत नाही. या तिन्ही विधानांत सत्याचा एकेक कण आहे आणि म्हणूनच ती धोकादायक आहेत. पत्ता टंकित करताना चुकणारा ग्राहक निर्दोष असतो. तीच चूक ठरवून विकत घेणाऱ्याला मात्र हा बचाव उरत नाही, कारण मूळ नाव ठाऊक असल्याशिवाय त्याची कोणती चूक होईल हे सुचतच नाही. अशा नावाचा खरेदीदार स्वतःविरुद्धचा पुरावा त्या नावातच बाळगत असतो. न्यायालयांनी हे फार लवकर ओळखले.

मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९९ साली आलेला रेडिफचा दावा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रेडिफ हे नाव रिडिफ्युजन या जाहिरातक्षेत्रातील नावावरून घेतलेले होते. प्रतिवादींनी त्यातील रोमन 'ई' च्या जागी 'ए' घालून रॅडिफ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले होते. हे नाव आपण स्वतंत्रपणे घडवले, असा त्यांचा खुलासा होता. रॅडिकल या इंग्रजी शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि पुढे इन्फर्मेशन, फ्यूचर व फ्री या शब्दांचे एकेक अक्षर, अशी त्याची फोड त्यांनी सांगितली. न्यायालयाला ती पटली नाही. डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम दिला. त्या काळी देशातील बहुसंख्य लोकांनी इंटरनेट पाहिलेही नव्हते.

पुढे बंगळूरमधून सिफीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सत्यम इन्फोवे या कंपनीने १९९९ मध्ये सिफी या घडवलेल्या शब्दावर आधारित डोमेन नावे नोंदवली होती. दुसऱ्या एका कंपनीने नंतर त्यात एक जादा 'एफ' घालून सिफीनेट या नावाने व्यवसाय सुरू केला. येथेही फोड होतीच. आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून हा शब्द तयार झाला, असे तिचे म्हणणे होते. दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम दिला, कर्नाटक उच्च न्यायालयाने तो उठवला आणि ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा लागू केला. आद्याक्षरांचा खुलासा तेथे टिकला नाही. शब्दांची व्युत्पत्ती हा एरवी भाषापंडितांचा प्रांत, पण डोमेन नावांच्या खटल्यांत ती इतक्या वेळा पुढे येते, की न्यायाधीशांना तिच्याकडे साशंकतेने पाहण्याची सवय झाली असल्यास नवल नाही.

सिफीच्या निकालाचे महत्त्व मात्र व्युत्पत्तीत नाही. डोमेन नावांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात मान्य केले आणि तरीही व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे संरक्षण या नावांना मिळू शकते, असा निर्वाळा दिला. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल किंवा सेवा खपवणे, ज्याला विधिव्यवहारात पासिंग ऑफ म्हणतात, त्याविरुद्धचा जुना उपाय येथेही चालतो, आणि त्यासाठी मूळ चिन्ह नोंदलेले असण्याचीही गरज नसते. 'कायदा नाही' हे आश्वासन २००४ सालीच निकालात निघालेले आहे. नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला याहून एक सोय अधिक आहे. अधिनियमाच्या कलम १३४ नुसार तो जेथे व्यवसाय करतो तेथील न्यायालयात दावा लावू शकतो. गोंदियात बसून हजार रुपयांना घेतलेल्या नावासाठी दिल्लीत वकील देण्याची वेळ येते ती यामुळे. मनाई हुकमासोबत नुकसानभरपाई किंवा मिळवलेल्या नफ्याचा हिशेबही मागता येतो.

राहिली नोंदणीची गोष्ट. जमिनीच्या व्यवहाराची ज्याला थोडीफार जाण आहे, त्याला हे समजावून सांगावे लागू नये. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. म्हणून तर कर्ज देण्यापूर्वी बँक वकिलाकडून शोध अहवाल मागते आणि बोजा आहे का ते पाहते. डोमेन नावाची नोंद ही त्याहूनही दुबळी गोष्ट आहे. ती विकणारी कंपनी नाव मोकळे आहे एवढेच पाहते. ते कोणाच्या हक्काच्या आड येते का, याची तपासणी ती करत नाही आणि करण्याचे वचनही देत नाही. उलट, डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी करताना ग्राहक ज्या अटींना होकार देतो, त्यांत आपल्या माहितीप्रमाणे या नोंदणीमुळे कोणाच्याही हक्काचा भंग होत नाही, अशी हमी त्यानेच दिलेली असते, आणि हे पडताळण्याची जबाबदारीही त्याचीच असल्याचे तेथे लिहिलेले असते. अटींचे ते पान वाचल्याशिवाय खाली सरकवून 'मान्य' म्हणणाऱ्यांची संख्या सांगण्याची गरज नाही. नोंदणी कंपन्यांच्या वागण्यातही दोष आहे. मागितलेले नाव उपलब्ध नसल्यास त्याच्याशी मिळतीजुळती दहा नावे त्यांचे पान आपण होऊन सुचवते आणि त्यातला धोका सांगणारी एक ओळही ठळकपणे छापत नाही. पण दोष दुकानदाराचा असला, तरी दावा खरेदीदारावर लागतो.

दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या नावाबाबतही असाच गैरसमज आहे. नाव पंधरा वर्षांपूर्वी नोंदलेले आहे, तेव्हा मूळ कंपनी फारशी प्रसिद्ध नव्हती, असे सांगून विक्रेते ग्राहकाला आश्वस्त करतात. आंतरराष्ट्रीय लवाद मात्र नव्या मालकाचा हेतू त्याने नाव हाती घेतले त्या दिवशी काय होता, हे पाहतात. विक्रेत्याच्या निरागसतेचा वारसा खरेदीखताबरोबर मिळत नाही.

मराठी माणसाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. 'लक्ष्मी' हे नाव देवनागरीत एकाच पद्धतीने लिहिले जाते. रोमन लिपीत ते किती तऱ्हांनी लिहिले जाते हे दुकानांच्या पाट्यांवरून फिरती नजर टाकली तरी दिसेल. कोणी 'एक्स' वापरतो, कोणी 'के' आणि 'एस' जोडतो, कोणी पहिल्याच अक्षरानंतर 'यू' घालतो. श आणि स, व साठीची दोन रोमन अक्षरे, ह्रस्व-दीर्घ, शेवटी लागणारा वा न लागणारा 'ए', या सगळ्यांतून भारतीय नावाची जितकी रोमन रूपे होतात, तितकी इंग्रजी नावाची होत नाहीत. त्यामुळे 'हे स्पेलिंगच वेगळे आहे' हा बचाव भारतीय नावांच्या बाबतीत सुचणे स्वाभाविक आहे. कायद्यापुढे तो फारसा उभा राहत नाही. अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या औषधांच्या नावांवरून झालेल्या वादात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने नावांची तुलना कशी करावी हे सांगून ठेवले आहे. सामान्य बुद्धीच्या आणि अंधुक स्मरण असलेल्या ग्राहकाला दोन्ही नावे ऐकताना, पाहताना एकूण कशी वाटतील, हे पाहायचे. नावांचे तुकडे पाडून अक्षरे मोजायची नाहीत. कानाला जी नावे एक वाटतात, ती रोमन अक्षरांच्या फरकाने वेगळी होत नाहीत.

२०१४ मध्ये डॉट भारत ही देवनागरी नावांची सोय सुरू झाली आणि हाच प्रश्न स्वलिपीतही आला. तेथे मुळाक्षरांऐवजी वेलांटी, उकार आणि अनुस्वार चुकतात. शुद्धलेखनाच्या नियमांवर मराठीत एवढे वाद झाले, पण पहिली वेलांटी की दुसरी, यावर कोणाचा पैसा जाईल अशी कल्पना त्या वादांत कोणीही केली नसेल. एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या नावातील दीर्घ 'ई' ऱ्हस्व करून कोणी देवनागरी नाव घेतले, तर रोमन नावांना लागू होणारी कसोटी त्याला जशीच्या तशी लागू होईल.

सगळीच मिळतीजुळती नावे बेकायदा असतात असे मात्र नाही आणि तसे भासवणेही अन्यायाचे ठरेल. स्वतःच्या नावाचा प्रामाणिक वापर करणाऱ्याला व्यापारचिन्ह अधिनियमाचे कलम ३५ संरक्षण देते. शब्दकोशातील सामान्य शब्द त्याच्या सामान्य अर्थाने वापरणाऱ्याची बाजूही बळकट असते. टीकेचा हक्क हा आणखी एक अपवाद. जेरी फॉलवेल या प्रसिद्ध अमेरिकी धर्मोपदेशकाच्या आडनावात एक जादा 'एल' घालून एका टीकाकाराने संकेतस्थळ काढले आणि तेथे त्यांच्या मतांचा प्रतिवाद केला. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००५ मध्ये टीकाकाराच्या बाजूने निकाल दिला. तो त्या नावावर पैसा कमावत नव्हता आणि पान उघडताच ते कोणाचे नाही हे वाचकाला कळत होते. यातील 'पैसा कमावत नव्हता' हा भाग महत्त्वाचा आहे. चुकीच्या नावात गुंतवणूक करणाऱ्याला या निकालाचा आधार घेता येत नाही, कारण त्याची खरेदीच मिळकतीसाठी असते.

न्यायालयाबाहेरचा मार्ग त्याहून जलद आहे. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये डोमेन नावांच्या वादासाठी एक समान धोरण लागू केले. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना आणि अशाच काही संस्था त्याखाली लवाद नेमतात. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या असतात. नाव आपल्या चिन्हाशी गोंधळ होण्याइतके सारखे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि ते अप्रामाणिक हेतूने नोंदले व वापरले आहे. धारकाला उत्तरासाठी वीस दिवस मिळतात. निकाल विरुद्ध गेल्यास आणि धारकाने दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयात दावा न लावल्यास नाव तक्रारदाराकडे जाते. लवादाला दंड किंवा खर्च लावण्याचा अधिकार नाही. मात्र एकाच सदस्याऐवजी तीन सदस्यांचे मंडळ हवे असा आग्रह धारकाने धरला, तर वाढीव शुल्कातील निम्मा वाटा त्याच्यावर पडतो.

भारतीय बँकिंग क्षेत्रानेही हा मार्ग वापरला आहे. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीचे संकेतस्थळ एसबीआयकार्ड डॉट कॉम या नावाने होते. शेवटी 'एस' जोडून अनेकवचन केलेले नाव ऑस्ट्रेलियातील एका कंपनीकडे होते. २००५ मध्ये जिनिव्हाच्या संघटनेने नेमलेल्या लवादाने ते भारतीय कंपनीला देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी डॉट इन नावांसाठी भारताचे स्वतःचे वादनिवारण धोरण आले. ते नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे निक्सी या संस्थेमार्फत चालते आणि लवाद व समेट अधिनियम, १९९६ नुसार लवाद निकाल देतो. दोन्ही धोरणे वरवर सारखी दिसली, तरी त्यांत एका छोट्या शब्दाचा फरक आहे. आयकॅनच्या धोरणात अप्रामाणिक नोंदणी 'आणि' अप्रामाणिक वापर, दोन्ही सिद्ध करावे लागतात. भारतीय धोरणात नोंदणी 'किंवा' वापर, यांपैकी एक पुरे होते. नाव नुसते घेऊन ठेवले आहे, काही वापर केलेला नाही, हा बचाव डॉट इनमध्ये आणखीच लंगडा पडतो. शिवाय येथील लवाद खर्चही लावू शकतो.

डॉट कॉम घेणाऱ्याने अमेरिकेचाही विचार करावा लागतो. डॉट कॉम नावांची मध्यवर्ती नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन ही कंपनी व्हर्जिनिया राज्यात आहे आणि धारक अमेरिकेबाहेर असल्यास तेथील कायद्यानुसार खुद्द नावाविरुद्धच त्या राज्यात दावा चालवता येतो. हा १९९९ चा कायदा कठोर आहे. धारक त्या न्यायालयाच्या कक्षेत आला, तर दर नावामागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरू शकते आणि त्यासाठी प्रत्यक्ष नुकसान किती झाले हे सिद्ध करावे लागत नाही. जो कार्टून या व्यंगचित्र-संकेतस्थळाच्या नावाची पाच चुकीची रूपे घेणाऱ्या जॉन झुकारिनीला दर नावामागे १०,००० याप्रमाणे ५०,००० डॉलर आणि वर वादीच्या वकिलाची फी भरण्याचा आदेश झाला. अपील न्यायालयाने तो २००१ मध्ये कायम केला. त्याला एका टिचकीमागे दहा ते पंचवीस सेंट मिळत. दाव्याची नोटीस हाती पडताच काही तासांत त्याने आपली पाने बदलून ती निषेधाची व्यासपीठे असल्याचा देखावा केला. न्यायालयाने त्याला भीक घातली नाही. पुढे मुलांच्या आवडीच्या नावांची चुकीची रूपे वापरून त्यांना अश्लील पानांवर नेल्याबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००४ मध्ये तीस महिन्यांची कैद झाली. हेच गणित मोठ्या प्रमाणावर कसे दिसते ते २००८ च्या व्हेरायझनच्या दाव्यात दिसले. ६६३ नावे, दर नावामागे ५०,००० डॉलर, एकूण ३ कोटी ३१ लाख ५० हजार डॉलर.

बँकेच्या खातेदाराच्या दृष्टीने खरे भय फौजदारी बाजूचे आहे. चुकीचे नाव घेणारा तरुण स्वतः कोणाला फसवत नसेल. पण जाहिरातींचे पान तो स्वतः चालवत नाही. ते एखाद्या परदेशी जाहिरात कंपनीच्या ताब्यात असते आणि त्यावर आज विमा, उद्या बनावट कर्जयोजना झळकते. त्या मजकुराची जबाबदारी नावधारकाचीच, अशी लवादांची भूमिका आहे. गूगलच्या इंग्रजी नावात 'के' घुसडलेले एक नाव संगणकात घातक प्रणाली सोडण्यासाठी वापरले जात असल्याचे २००५ मध्ये उघड झाले होते. पत्रव्यवहाराचे तर वेगळेच. २०११ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या पत्त्यांतील एक टिंब गाळून तयार होणारी नावे घेतली आणि नुसती वाट पाहिली. सहा महिन्यांत १,२०,००० चुकलेले ई-मेल त्यांच्याकडे येऊन पडले. ज्याच्या हाती असे नाव आहे, त्याच्या दारी दुसऱ्यांची गुपिते न मागता येत राहतात. असे नाव त्याने कोणा अनोळखी माणसाला विकले आणि त्याने त्यावर बँकेचे खोटे पान उभे केले, तर तपासाची पहिली पायरी आधीच्या धारकाच्या दारातच असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेली कलमे ६६-क आणि ६६-ड, म्हणजे इंग्रजी क्रमाने सी आणि डी, ओळखचोरी व संगणकाद्वारे तोतयेगिरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतात. नोंदणीत नाव लपवण्याची सोय घेतली म्हणून माणूस लपत नाही. न्यायालय नोंदणी कंपनीकडून तपशील मागवू शकते, आणि तोवर अज्ञात प्रतिवादीला 'अशोक कुमार' हे नाव देऊन दावा सुरू करण्याची प्रथा भारतीय न्यायालयांत रुळलेली आहेच.

या फसवणुकीला आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी बँक डॉट इन हे राखीव क्षेत्र ठरवले आणि त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच स्थापलेली संस्था करते, त्यामुळे बाहेरच्या कोणालाही तेथे चुकीच्या अक्षरांचे नाव विकत घेता येत नाही. उपाय चांगला आहे. पण पत्त्याच्या शेवटी काय आहे हे पाहण्याची सवय खातेदाराला नसेल, तर 'बँक' आणि 'इन' हे शब्द मध्येच कोठेतरी बसवून शेवटी डॉट कॉम लावलेले नावही त्याला खरे वाटेल. पत्ता डावीकडून वाचला जातो. त्याची मालकी मात्र उजव्या टोकाला कळते.

ज्यांनी अशी नावे आधीच घेऊन ठेवली आहेत, त्यांनी मूळ कंपनीला पत्र लिहून किंमत विचारणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. नोंदणीच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक रक्कम मिळवण्यासाठी नाव घेणे हीच आयकॅनच्या धोरणात अप्रामाणिक हेतूची पहिली खूण म्हणून नोंदलेली आहे, आणि किंमत सांगणारे पत्र हा त्या हेतूचा लेखी पुरावा होतो. तक्रार दाखल झाल्यावर नाव घाईने मित्राच्या नावावर करणेही धोरणाने निषिद्ध आहे. नोटीस आली असेल तर मुदतीत वकिलाचा सल्ला घ्यावा आणि जाहिराती ताबडतोब काढाव्यात. अनेकदा मूळ कंपनी नाव परत मिळण्यावर समाधान मानते. दहा नावांच्या लोभापायी पहिल्याच नोटिशीकडे दुर्लक्ष केले, तर ती सवलत उरत नाही.

या सगळ्यात एक साधा हिशेब राहून जातो. दहा चुकीच्या नावांसाठी वर्षाला साधारण दहा हजार रुपये लागतात आणि ते दरवर्षी पुन्हा भरावे लागतात. स्वतःच्या उद्योगाचे व्यापारचिन्ह नोंदवण्यासाठी व्यक्ती, नवउद्यम किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शासकीय शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करता येते. उरलेल्या पैशांत स्वतःच्या नावाची दोन-तीन सहज होणारी चुकीची रूपेही घेऊन ठेवता येतात. ती घेण्याचा हक्क त्या नावाच्या मालकाला पूर्णपणे आहे, आणि पापड-मसाल्यांच्या घरगुती उद्योगापासून पतसंस्थेपर्यंत ज्याचे गिऱ्हाईक मोबाइलवर नाव टंकित करून येते, अशा प्रत्येकाने ती दुसऱ्या कोणी घेण्यापूर्वी घेतलेली बरी.